पोच नसलेल्या उत्तरपत्रिका

२८ मे २०२१ रोजी दहावीच्या मूल्यमापनाचं सूत्र जाहीर झालं. नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ अशा अंतर्गत कामाला २०. बोर्डाची लेखी परीक्षा एप्रिलमध्येच रद्द झाली होती. म्हणजे मुलं अभ्यासाला बसावीत एवढ्यासाठी ज्या घटक चाचण्या आम्ही फोनवरून घेतल्या, त्या आता थेट बोर्डाच्या गुणपत्रिकेत उतरणार होत्या.

मी तेव्हा दहावी ब ची वर्गशिक्षिका होते. विषय विज्ञान. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, अनुदानित मराठी माध्यमाची शाळा, तुकडीत ५४ मुलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुण मांडायला बसले. दुपारपर्यंत लक्षात आलं, की १७ मुलांच्या निदान एका चाचणीची उत्तरपत्रिका माझ्याकडे नाही. मुलांनी त्या लिहिल्या होत्या, पाठवल्याही होत्या. कित्येक मला आठवत होत्या. कुणी मानवी हृदयाची आकृती किती सुबक काढली होती, तेसुद्धा आठवत होतं. पण दाखवायला काही नव्हतं.

त्या १७ मुलांचं काय झालं आणि मुळात ही वेळ का आली, हे मी इथे सविस्तर मांडते आहे. शाळा आता रोज भरते, तरी फाइलींची देवाणघेवाण थांबलेली नाही. आजही गृहपाठाचे फोटो त्याच वाटेने येतात आणि त्याच वाटेने हरवतात.

वर्ष कसं सुरू झालं

१५ जून २०२० ला शैक्षणिक वर्ष सुरू झालं ते फोनवरच. मार्चपासून शाळा बंद होत्या. आम्ही प्रत्येक तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि त्यावर सगळं टाकायला लागलो. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपच्या लिंक, स्वतः काढलेल्या टिपणांचे फोटो, फळ्यासमोर उभं राहून केलेले व्हिडिओ, असं सगळं.

पहिली अडचण आली ती प्रश्नपत्रिकांची. आमच्याकडे प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं एकाच संगणकावर जुन्या फॉन्टमध्ये टाइप होत आल्या आहेत, कुणी शिवाजीत, कुणी श्रीलिपीत. ती वर्ड फाइल जशीच्या तशी ग्रुपवर गेली आणि मुलांच्या फोनवर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी उघडली. कारण साधं आहे. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही, तिथे खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. पालकांचे फोन यायला लागले, 'मॅडम, पेपर इंग्रजीत आलाय.' त्या दिवसापासून प्रश्नपत्रिका पीडीएफ करूनच पाठवायची असं ठरलं आणि पुढे सगळं टाइपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, नेलं. ही गोष्ट तेवढ्यावर मिटली. ती लवकर मिटली, कारण चूक डोळ्यांना दिसत होती. उत्तरपत्रिकांची चूक दिसतच नव्हती, म्हणून ती वर्षभर वाढत राहिली.

मुलांकडून पानं यायची ती फोटोच्या रूपात. सुरुवातीला आम्ही मुलांना कॅमस्कॅनर वापरायला शिकवलं होतं, म्हणजे पाच पानांची एक पीडीएफ होऊन येईल. काही मुलांचा हात त्यावर बसतो न बसतो तोच, २९ जूनला केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपच्या यादीत कॅमस्कॅनर निघालं. दुसरी ॲप होती, पण पुन्हा ५४ घरांना फोनवरून समजावून सांगणं आम्हाला झेपलं नाही. 'राहू दे, फोटोच पाठवा,' असं मीच म्हणाले. त्या एका वाक्याची किंमत पुढे फार पडली.

कारण एका मुलाची उत्तरपत्रिका म्हणजे आता पाच-सहा सुटे फोटो झाले. तुकडीचे मिळून एका चाचणीचे तीनशेच्या आसपास. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान करून पाठवलं जातं. शाईने लिहिलेलं वाचता येतं, पण पेन्सिलीने काढलेली किरणाकृती धूसर होते. तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर मूळ रूपात येतं. हे मला ऑक्टोबरात कळलं. शिवाय फोनमध्ये उतरलेल्या फोटोला नाव मिळतं ते फक्त तारखेचं आणि एका क्रमांकाचं. त्यात मुलाचं नाव नसतं, विषय नसतो, पान कितवं तेही नसतं. कुणाचा फोटो ते फक्त त्या संभाषणावरून कळतं आणि ते संभाषण असतं वडिलांच्या, काकांच्या नाहीतर शेजाऱ्यांच्या नंबरशी.

माझ्याकडून काय घडलं

वर्षभरात चार चाचण्या झाल्या. ऑगस्ट, ऑक्टोबर आणि मार्चची फोनवर. जानेवारीची वर्गात, कारण २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग स्थानिक परिस्थिती पाहून उघडायला परवानगी मिळाली होती आणि आमची शाळा डिसेंबरात काही आठवडे नीट भरली. जानेवारीचे गठ्ठे कपाटात सुतळी बांधून होते. ऑगस्टचे गुण मी वहीत उतरवले होते. ऑक्टोबरपासून मात्र फोटोखालीच 'छान, २० पैकी १४, आकृतीला नावं दे' असं लिहून पाठवायला लागले. मुलांना ते आवडायचं, लगेच उत्तर यायचं. वहीत उतरवणं मी पुढे ढकलत गेले.

दिवाळीच्या सुमारास माझा फोन भरला. ३२ जीबीचा फोन, त्यात पाच तुकड्यांचे ग्रुप. रोज 'जागा शिल्लक नाही' असा निरोप यायचा आणि नवीन फोटो उतरायचे बंद व्हायचे. एका रात्री बसून मी जुने फोटो काढून टाकले. माझी समजूत अशी होती, की संभाषण तर आहेच, लागेल तेव्हा फोटोवर बोट ठेवलं की पुन्हा उतरेल. तसं होत नाही. आपल्या फोनवरून पुसलेली फाइल काही काळानंतर पुन्हा मिळत नाही, पाठवणाऱ्याकडे परत मागावी लागते. मे महिन्यात मी ऑक्टोबरच्या संभाषणांत मागे मागे जात राहिले. फोटोच्या जागी धुरकट चौकोन होते आणि खाली माझेच शेरे. काही ठिकाणी 'छान' एवढंच लिहिलं होतं, गुण नव्हते.

आणखी एक गोष्ट हिंदीच्या बाबतीत झाली. हिंदीचे सर जानेवारीअखेरीस वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या चाचण्या त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी फोन बदलला, जुना नातवाला दिला. ते स्वतः फार हळहळले, दोनदा शाळेत येऊन बसले. पण शाळेची कागदपत्रं खासगी फोनमध्ये ठेवण्याची पद्धत आम्ही सगळ्यांनी मिळूनच पाडली होती. शाळा सोडताना माणूस कपाटाची किल्ली परत करतो. फोनमधली उत्तरपत्रिका परत करायची असते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

अ तुकडीत काय वेगळं होतं

अ तुकडीला गणित शिकवणारे सर माझ्यापेक्षा तंत्रज्ञानात फार पुढे होते असं नाही. त्यांचा फोन १६ जीबीचा होता, एवढाच फरक. फोटो ठेवायला जागाच नसल्यामुळे त्यांनी ऑगस्टमध्येच गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर केलं, आत हजेरी नंबरांची फोल्डरं केली आणि रोज संध्याकाळी फोटो उतरवून त्यात टाकायला लागले. मेमध्ये त्यांचा गुणतक्ता दोन दिवसांत झाला.

तरी त्यांच्याकडेही सगळं सुरळीत होतं असं नाही आणि यातून मला बरंच शिकायला मिळालं. सप्टेंबरमध्ये त्यांनी मुलांना सांगितलं, तुम्हीच पानं थेट फोल्डरमध्ये टाका. लिंक देताना परवानगी ठेवली 'लिंक असलेला कुणीही बदल करू शकेल' अशी. आठवड्याभरात एका मुलाच्या फोल्डरमधली पानं दिसेनाशी झाली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कुणाच्या तरी फोनवर लहान भावाचं बोट लागलं असावं. सरांचा जीव कासावीस झाला. पण ड्राइव्हमध्ये फाइलीची मालकी हा मोठा आधार असतो. दुसऱ्याच्या मालकीची फाइल कुणी सामायिक फोल्डरमधून काढली, तरी ती मालकाच्या खात्यात शिल्लक राहते, नावाने शोधली की सापडते. सरांनी स्वतः चढवलेली पानं त्यांना अशी परत मिळाली. मुलाने स्वतःच्या खात्यातून चढवलेली पानं मात्र मुलाच्या मालकीची होती, ती त्याच्याच खात्यात शोधावी लागली. मालकाने स्वतः पुसली असती, तर १३ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे कचरापेटीतूनही ३० दिवसांनी आपोआप नाहीशी झाली असती.

दुसरी अडचण अशी, की त्या एकाच फोल्डरमध्ये सगळ्यांना सगळ्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका दिसत होत्या. एका मुलीला २० पैकी ३ गुण होते आणि ते वर्गभर झालं. तिने पुढची चाचणी दिलीच नाही. सर तिच्या घरी जाऊन आले, तेव्हा ती पुन्हा यायला लागली. फाइल हरवली तर ती शोधता तरी येते, पण एकदा सगळ्यांनी पाहिलेले गुण परत झाकता येत नाहीत. म्हणून मी आज कुणाही शिक्षकाला पहिल्यांदा हेच सांगते: प्रश्नपत्रिका आणि टिपणं सगळ्यांना दाखवा, पण मुलाचं काम फक्त त्या मुलाला आणि शिक्षकाला दिसलं पाहिजे. गूगल क्लासरूममध्ये ही सोय मुळातच असते. मुलाने काम सोपवलं की ते शिक्षकाच्या ताब्यात जातं, मुलाला त्यात बदल करता येत नाही, आणि तपासून परत केलं की पुन्हा मुलाकडे येतं. २०१७ पासून ते साध्या जीमेल खात्यावरही चालतं. आम्हाला २०२० मध्ये ते माहीत होतं. पण घरटी एक फोन आणि त्यात वडिलांचं खातं, तीन भावंडांचं काम एकाच नावाने दिसायचं. म्हणून आम्ही तो नाद सोडला.

सतरा मुलं

निकालासाठी शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती होती. मी समितीपुढे जे होतं ते सांगितलं. मुख्याध्यापक रागावले नाहीत. म्हणाले, 'मॅडम, मुलांकडे मूळ पानं असतील. चाचणी त्यांनी घरीच लिहिलीय.' हे मला सुचलं नव्हतं. मी फाइलच्या मागे होते आणि कागद मुलांच्या घरी पडलेला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मुलांना थोडी थोडी करून बोलावलं. नऊ जणांनी मूळ पानं आणली. कुणाची वहीच्या मधली, कुणाची किराणा यादीच्या मागच्या बाजूची. सहा जणांची पानं पाठवणाऱ्या फोनमध्ये सापडली. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या चित्रांच्या फोल्डरमध्ये आपण पाठवलेल्या चित्रांचं वेगळं उपफोल्डर असतं, ते बहुतेकांनी कधी उघडलेलं नसतं, त्यामुळे पुसलेलंही नसतं. संगणकाच्या सरांनी पालकांचे फोन घेऊन एकेक तारीख लावून ती चित्रं काढली. दोन मुलांचं काहीच मिळालं नाही. त्यांचे गुण समितीने त्यांच्या बाकीच्या चाचण्यांवरून ठरवले. ते दोघं उत्तीर्ण झाले, तरी त्यांच्या ऑक्टोबरच्या मेहनतीचा कागद माझ्या हातून गेला, हे मी विसरलेले नाही.

त्या नवांतल्या एका मुलीबद्दल लिहायलाच हवं. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. ऑक्टोबरात टोळी कारखान्याला गेली आणि घरातला एकमेव स्मार्टफोन वडिलांबरोबर गेला, कारण मुकादमाचे फोन त्यावर यायचे. ती आजीजवळ राहिली. शेजारच्या तीन घरांत ज्याचा फोन मोकळा असेल त्यावरून ती पानं पाठवायची, आणि रोजचा नेटपॅक संपलेला असला तर दुसऱ्या दिवशी. माझ्याकडे तिच्या नावाचं संभाषणच नव्हतं. तिची पानं तीन अनोळखी नंबरांवरून आली होती, त्यातल्या एकावर मी 'कोण?' एवढंच विचारलेलं दिसत होतं. तिच्या नावापुढे मी दोन चाचण्यांना 'गैरहजर' लिहून बसले होते. नववीचा तिचा निकालही एकाच सत्रावर उभा होता, कारण २०२० च्या टाळेबंदीत नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली होती आणि त्या वर्षी टोळीबरोबर गेल्याने ती बराच काळ शाळेत नव्हती. आता ३० गुणांतही ती मागे पडली असती, तर तिला विज्ञान शाखा मिळाली नसती.

ती आली ती खताच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा घेऊन. ऑगस्टपासूनचं प्रत्येक पान त्यात होतं, चाचण्या, स्वाध्याय, प्रयोगांची टिपणं. प्रत्येकावर तारीख, आणि खाली कुणाच्या फोनवरून कधी पाठवलं ते. 'काकूंचा फोन, रात्री ८', असं. मी विचारलं, हे का लिहून ठेवलंस? ती म्हणाली, 'मॅडम, तुम्ही मिळालं असं म्हणायच्याच नाहीत. मग मला वाटायचं, पोचलं नसेल.'

वर्षभर मी व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांवर विसंबले होते. निळी खूण एवढंच सांगते, की फोनवर संदेश उघडला गेला. कुणाचं पान होतं, ते ठेवलं गेलं का, नोंद झाली का, यातलं काही ती सांगत नाही. सरकारी कचेरीत साधा अर्ज दिला तरी आपण पोच मागतो. दहावीच्या मुलांना मी वर्षभर पोच दिली नव्हती आणि त्यांनी ती मागायची असते हेही त्यांना शिकवलं नव्हतं.

त्यानंतर केलेले बदल

१६ जुलैला निकाल लागला. ऑगस्टपर्यंत आम्ही नवी पद्धत बसवली, कारण ऑक्टोबर २०२१ पर्यंत वर्ग पुन्हा पूर्णपणे भरतील याची खात्री नव्हती.

सर्वांत आधी शाळेच्या नावाचं एक खातं काढलं. पासवर्ड मुख्याध्यापक आणि लिपिक या दोघांकडे असतो. प्रत्येक विषयाची फाइल त्या खात्यात राहते, शिक्षकाच्या खासगी खात्यात नाही. कुणाची बदली झाली, कुणी निवृत्त झालं तरी काम शाळेत राहतं. साध्या खात्याला १५ जीबी जागा मिळते आणि त्यात मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं धरलं जातं. व्हिडिओ भरले तर ती महिनाभरात संपते, म्हणून व्हिडिओ तिथे ठेवायचे नाहीत. स्कॅन काळ्या-पांढऱ्या रंगात केला की पाच पानांची उत्तरपत्रिका फार जागा घेत नाही, मुलांचा डेटाही वाचतो.

मुलांकडून येणारं काम गूगल फॉर्मवर घेतो. त्यात फाइल चढवायला खात्यातून आत जावं लागतं आणि फाइलीच्या नावापुढे चढवणाऱ्याचं नाव आपोआप लागतं. ते नाव पुष्कळदा वडिलांचं निघतं. म्हणून फॉर्ममध्ये हजेरी नंबर हा पहिला रकाना ठेवला आणि फाइलीच्या नावाचा एकच साचा ठरवला: हजेरी नंबर, विषय, चाचणी, तारीख. मुलांना वर्गात उभं करून ते नाव फळ्यावर लिहायला लावलं. पंधरा दिवस चुका झाल्या, मग बसलं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ती मुलं मूळ कागद देतात, शाळेतच स्कॅन होतो. त्यात कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून महिन्यातून एक चाचणी सगळ्यांचीच कागदावर घेतो.

शिक्षकांकडून जाणाऱ्या फाइलींसाठी एक वेगळं फोल्डर आहे, सगळ्यांना फक्त बघण्याच्या परवानगीचं. त्याचा क्यूआर कोड वर्गाच्या दारावर आणि प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. ग्रुपवर मागाहून आलेल्या मुलाला आधीचे निरोप आपोआप दिसत नाहीत. २०२० मध्ये नंबर बदललेल्या चार मुलांना आख्खा पहिला पाठ मिळाला नव्हता आणि त्यांनी लाजेने विचारलं नव्हतं. परवानगी नीट ठेवली नाही तर रात्री दहा वाजता परवानगी मागणारे मेल येत राहतात. तेही महिनाभर सोसलं.

आणि पोच. रोज संध्याकाळी पाच वाजता ग्रुपवर एक ओळ जाते: आज मिळालेले हजेरी नंबर. गुण नाहीत, नावं नाहीत, फक्त नंबर. ज्याचा नंबर नसेल त्याने दुसऱ्या दिवशी येऊन विचारायचं. हीच यादी छापून महिन्याच्या शेवटी वर्गात लागते. याला दहा मिनिटं लागतात. काही सहकाऱ्यांना हे जादा काम वाटतं आणि त्यांची तक्रार खरी आहे, शिक्षकांवर आधीच ऑनलाइन माहिती भरण्याची कामं पुष्कळ आहेत. तरी मी या दहा मिनिटांवर हट्ट धरते.

त्या मुलीचं एक राहिलं. निकालानंतर ती दाखला न्यायला आली तेव्हा विचारलं, 'मॅडम, माझी पानं परत मिळतील? अकरावीला विज्ञान घेतलंय.' मूळ गठ्ठा शाळेच्या अभिलेखात ठेवावा लागणार होता. सगळी पानं स्कॅन करून शाळेच्या खात्यात चढवली होती, पण तिच्याकडे उघडायला फोन नव्हता. मी शिपाईमामांना झेरॉक्स सेंटरवर पाठवलं, पाठपोट प्रती काढून आणवल्या, सुतळीने बांधून तिच्या हातात दिल्या. जावक वही पुढे केली. तिने पानं मोजली आणि मग सही केली.